लहान विमानात इंधन भरताना ठिणगीचा बंदोबस्त

विमानतळ म्हटले की सामान्यतः मुंबईचा भव्य विमानतळ डोळ्यांसमोर येतो. तेथील मोठ्या विमानांत इंधन भरण्याची व्यवस्था बंदिस्त असते. पंखाच्या खालच्या बाजूस असलेल्या तोंडाला जाड नळी घट्ट जोडली जाते आणि इंधन दाबाने आत जाते. टाकीचे तोंड उघडे राहत नाही, त्यामुळे इंधनाची वाफ आणि बाहेरची हवा यांची काम करणाऱ्याच्या हाताजवळ गाठ पडत नाही. धुळे, बारामती किंवा गोंदियाजवळील बिरसी येथील धावपट्ट्यांवर, जेथे तरुण वैमानिकांना प्रशिक्षण दिले जाते, तेथील चित्र वेगळे असते. तेथे एक कर्मचारी शिडीवर किंवा पंखावर चढतो, टाकीचे झाकण हाताने फिरवून काढतो आणि उघड्या तोंडात नोझल धरून इंधन सोडतो. मोटारीत पेट्रोल भरण्याइतकीच ही साधी क्रिया वाटते. परंतु याच क्षणी ज्वालाग्राही वाफ, हवा, धातू आणि माणूस ही चारही एका वीतभर जागेत एकत्र आलेली असतात. त्या जागी एक बारीकशी ठिणगी पडली तरी आग लागण्यास पुरेशी होते, आणि ही ठिणगी कोणी काडी ओढल्यामुळे पडलेली असावी लागत नाही.

आपल्याकडील नागरी विमान वाहतुकीचा प्रारंभच अशा उघड्यावरील इंधनभरणीने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूकडे निघाले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या पुस मॉथ विमानात जे पेट्रोल भरण्यात आले, ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून आणि बैलगाडीवरून आले होते. ते डबे पत्र्याचे होते, प्लॅस्टिकचे नव्हते. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली तरी तिला या विषयात बरेच महत्त्व आहे. त्याचा उलगडा पुढे होईल.

वीज येते कोठून?

दोन भिन्न पदार्थ एकमेकांना चिकटून पुन्हा विलग झाले की एकावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युतभार राहतो. प्राचीन ग्रीकांना हे राळेपासून बनलेल्या एका पिवळसर खड्यावरून माहीत झाले होते. लोकरीवर घासलेला तो खडा काडीकचरा ओढून घेतो, म्हणून आपल्याकडे त्यास तृणमणी असे अन्वर्थक नाव पडले. त्याच्या ग्रीक नावावरून पुढे इलेक्ट्रॉन हा शब्द आला. केसांतून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा शाळेतील प्रयोग त्याच जातीचा. तारेतून वाहणाऱ्या विजेप्रमाणे ही वीज वाहत नाही. जेथे निर्माण झाली तेथेच ती साचून राहते, म्हणून तिला स्थितिक वीज म्हणतात.

द्रव पदार्थातही हेच घडते, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. पेट्रोल किंवा रॉकेलच्या जातीचे इंधन नळीतून वाहते तेव्हा त्यातील अत्यल्प अशुद्ध कणांपैकी एका प्रकारचा भार नळीच्या भिंतीला धरून राहतो व विरुद्ध प्रकारचा भार इंधनाबरोबर पुढे वाहून जातो. प्रवाह जितका वेगवान, तितका हा भार अधिक. इंधनातील पाणी व कचरा अडविण्यासाठी बसविलेल्या सूक्ष्म गाळणीत इंधनाचा अतिशय मोठ्या पृष्ठभागाशी संबंध येतो, त्यामुळे गाळणीतून बाहेर पडताना भार कितीतरी पटींनी वाढलेला असतो. विमानाच्या सुरक्षिततेसाठी गाळणी तर हवीच, कारण इंधनातील पाण्याने इंजिन हवेत बंद पडू शकते. म्हणजे एका धोक्यावरील उपाय दुसऱ्या धोक्याला खतपाणी घालतो. अशा वेळी पहिला उपाय सोडून चालत नाही, दुसऱ्या धोक्याचा वेगळा बंदोबस्त करावा लागतो.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण पाणी बरेच सुवाहक आहे आणि त्यातील भार लगेच निघून जातो. शुद्ध केलेले खनिज तेल मात्र विजेचे अत्यंत मंद वाहक असते. इंधन जितके निर्मळ, तितका त्यातील भार रेंगाळण्याचा संभव अधिक. इंधनाची वाहकता पिकोसीमेन्स प्रति मीटर या अतिसूक्ष्म एककात मोजतात. ती १ असेल तर साचलेला भार सुमारे एक तृतीयांशावर येण्यास १८ सेकंद लागतात. ती ५० असेल तर अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो. याच कारणास्तव जेट विमानांच्या इंधनात वाहकता वाढविणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळून ती ५० ते ६०० च्या दरम्यान राखली जाते. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांत वापरल्या जाणाऱ्या एव्हगॅस या पेट्रोलमध्ये असे द्रव्य आहेच असे गृहीत धरून चालता येत नाही.

ठिणगी किती मोठी लागते?

पेट्रोलच्या वाफेचे व हवेचे योग्य मिश्रण पेटविण्यास सुमारे ०.२५ मिलिज्यूल इतकी ऊर्जा पुरते. हा आकडा सहज डोळ्यांपुढे येत नाही. एक ग्रॅम साखर अडीच सेंटिमीटर वर उचलण्यास जितके श्रम पडतात, तितकी ही ऊर्जा होय. माणसाच्या शरीरावरही स्थितिक भार साचतो. मोटारीच्या रेक्झिनच्या आसनावरून घसरत उतरताना, किंवा नायलॉनचे जाकीट अंगातून काढताना, शरीराचा विद्युतदाब काही हजार व्होल्टपर्यंत सहज चढतो. दाब ३००० व्होल्टच्या आसपास गेला की धातूला हात लावताना बोटाला चटका जाणवू लागतो. त्या ठिणगीत सुमारे ०.७ मिलिज्यूल ऊर्जा असते, म्हणजे वाफ पेटण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ तिप्पट. २००० व्होल्टला ती ०.३ मिलिज्यूल भरते. ही ठिणगी बोटाला कळत नाही, दिसत नाही, तिचा आवाज येत नाही. तरी ती वाफ पेटवू शकते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. “आजवर कधी चटका बसला नाही” हा अनुभवी कर्मचाऱ्याचा निर्वाळा येथे निरुपयोगी आहे. शरीराला जाणीव होते ती धोक्याची पातळी ओलांडल्यानंतर. माणसाहून मोठ्या वस्तूंचे गणित अधिकच गंभीर होते. रबरी टायरवर उभा असलेला इंधनाचा टँकर किंवा विमान जमिनीपासून विलग राहिले, तर त्यावर माणसापेक्षा कितीतरी अधिक भार साठू शकतो. अशा वाहनाचा दाब १०,००० व्होल्टपर्यंत चढला तर एका ठिणगीत सुमारे ५० मिलिज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजेच लागते त्याच्या दोनशेपट.

वाफेविषयीही एक गैरसमज आढळतो. एव्हगॅस उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेटण्याजोगी वाफ सोडते. आपल्या हवामानात तिच्या टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की पेटण्यास पुरेशी हवाच तेथे नसते, म्हणून आत आग लागणे कठीण, असे काही जण सांगतात. त्यात तथ्य आहे. परंतु पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ती पेटते, आणि आतली दाट वाफ व बाहेरची मोकळी हवा यांच्यामध्ये कोठेतरी हे प्रमाण असणारच. ते ठिकाण टाकीच्या तोंडाशी असते, आणि नोझल, झाकण व माणसाचा हात यांची जागाही नेमकी तीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती पंखावरून ओघळून खालीही साचते. जेट इंधन रॉकेलच्या जातीचे आहे. ३८ अंशांच्या खाली ते सहसा पेटण्याजोगी वाफ देत नाही, म्हणून ते तुलनेने सुरक्षित. मात्र विदर्भातील वैशाखात उन्हात तापलेल्या बॅरलमधील इंधन ही मर्यादा सहज ओलांडते, याचे विस्मरण होऊ नये.

तार आणि वेळ

प्रतिबंधाचे उपाय दोन आहेत आणि त्यांची कामे वेगवेगळी आहेत. त्यांची गल्लत हेच या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ होय.

पहिला उपाय तारेचा. टँकर, नोझल आणि विमान हे तीनही धातूच्या तारेने एकमेकांस जोडले की त्यांचा विद्युतदाब समान होतो. दाबात फरक नसेल तर एकातून दुसऱ्यात ठिणगी उडी मारणार नाही. या जोडणीस बाँडिंग म्हणतात. हीच जोडणी जमिनीत पुरलेल्या धातूच्या कांबीपर्यंत नेली तर त्यास अर्थिंग म्हणतात. सर्वसाधारण समजूत अशी की अर्थिंग हीच मुख्य गोष्ट, कारण वीज जमिनीत जाते. वस्तुतः टँकर जमिनीला जोडला आणि विमान जोडलेच नाही, तर त्या दोहोंमधील फरक कायम राहतो व नोझल टेकताना ठिणगी पडू शकते. उलटपक्षी दोन्ही एकमेकांस नीट जोडलेली असतील, तर जमिनीशी संबंध नसतानाही त्यांच्यात ठिणगी पडत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ४०७ क्रमांकाच्या मानकात इंधन भरताना बाँडिंग सक्तीचे आहे, अर्थिंग सक्तीचे नाही, ते याच विचाराने. अर्थात जेथील नियमांत अर्थिंगही सांगितलेले असेल तेथे ते केलेच पाहिजे. फक्त ते बाँडिंगची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा उपाय वेळेचा. विमानाची धातूची काया तारेने जोडली तरी टाकीत पडलेल्या इंधनाच्या अंगात जो भार आहे, तो तारेने ओढून काढता येत नाही. इंधनातून टाकीच्या भिंतीपर्यंत तो आपल्या गतीने जातो आणि तेवढा वेळ त्यास द्यावा लागतो. म्हणून गाळणी नोझलच्या अगदी जवळ न ठेवता दूर ठेवतात, जेणेकरून मधल्या नळीतून जाताना भार ओसरावा. कमी वाहकतेच्या इंधनासाठी गाळणीनंतर ३० सेकंदांचा प्रवास मिळावा, असा संकेत आहे. मोठ्या टाक्या भरताना प्रारंभी वेग सेकंदाला एक मीटरहून अधिक ठेवत नाहीत, व नळीचे तोंड इंधनात बुडाल्यावरच तो वाढवितात. वरून धार पडून इंधन उसळले, त्याचे तुषार उडाले, की नवा भार निर्माण होतो आणि वाफही अधिक होते. लहान विमानाची टाकी छोटी असते. सेसना १५२ या दोन आसनी प्रशिक्षण विमानाच्या दोन्ही पंखांत मिळून अवघे ९८ लिटर इंधन मावते. ते दोन मिनिटे उशिरा भरले म्हणून उड्डाणाचे वेळापत्रक कोलमडत नाही. नोझलचा खटका प्रथम हलकेच दाबावा, धार टाकीच्या आत खोलवर सोडावी, आणि भरून झाल्यावर मापनाची कांडी घालण्यापूर्वी एक-दोन मिनिटे थांबावे.

जोडण्याचा आणि सोडण्याचा क्रम

या कामात कोणती वस्तू आधी व कोणती नंतर, याला सर्वाधिक महत्त्व आहे. तार लावताना किंवा सोडताना बारीक ठिणगी पडणे अगदी स्वाभाविक आहे; किंबहुना साचलेला भार त्याच वेळी मोकळा होतो. म्हणून ती ठिणगी जेथे वाफ नाही तेथे आणि टाकीचे झाकण बंद असतानाच पडली पाहिजे. साऱ्या क्रमाचे मर्म एवढेच आहे.

विमान उघड्यावर उभे करावे, हँगरमध्ये नव्हे. इंजिन, मॅग्नेटो व विजेची बटणे बंद असावीत, चाकांना अडसर लावलेले असावेत, आत कोणी बसलेले नसावे. अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. टँकर अशा दिशेने उभा करावा की वेळ आल्यास मागेपुढे न करता तो सरळ दूर नेता येईल. त्यानंतर टँकरवरील गुंडाळीतून तार ओढून तिचा चिमटा विमानाच्या ठरवून दिलेल्या उघड्या धातूवर लावावा. अनेक लहान विमानांत दोर बांधण्यासाठी पंखाखाली जे धातूचे कडे असते ते या कामी येते. पंख्याचे पाते, रेडिओची तार किंवा वेग मोजणारी पुढची नळी यांस चिमटा कधीही लावू नये. त्या वस्तू नाजूक असतात, शिवाय विमानाच्या कायेशी त्यांचा चांगला विद्युतसंबंध असेलच याची खात्री नसते.

आता नोझल घेऊन वर जाणाऱ्याने प्रथम टाकीपासून दूर, विमानाच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे त्याच्या अंगावरील भार निघून जाईल. नोझलला स्वतःची एक आखूड तार असते. तिची खुंटी किंवा चिमटा विमानावरील खाचेत, झाकण उघडण्यापूर्वी बसवावा. ही तार व मोठी तार यांपैकी एक लावली की दुसरी नको, असे समजणे चुकीचे होय. इंधनाची नळी वाहक रबराची असली तरी तिच्यावर बाँडिंगची भिस्त ठेवू नये. जुन्या विमानांत अशी खाच नसते. तेथे झाकण काढण्यापूर्वी नोझलचे धातूचे तोंड त्या बंद झाकणाला टेकवावे आणि मगच झाकण उघडावे. त्यानंतर इंधन भरून होईपर्यंत नोझल टाकीच्या तोंडाच्या कडेला सतत टेकलेले असावे, अधांतरी धरू नये.

काम संपल्यावर हाच क्रम उलटा होतो. नोझल बाहेर काढावे, झाकण घट्ट लावावे, मग नोझलची तार सोडावी, आणि सर्वांत शेवटी मोठ्या तारेचा चिमटा काढावा. घाईत असलेला मदतनीस खाली उभा राहून, वरचे झाकण अद्याप उघडे असतानाच चिमटा काढून तार गुंडाळू लागतो. ही चूक फार सहज होते. म्हणून झाकण लावल्याचे वरच्याने मोठ्याने सांगावे व मगच खालच्याने तारेला हात घालावा, अशी प्रथा पाडणे श्रेयस्कर.

चिमटा लावलेला दिसतो म्हणजे जोडणी झाली, असेही नाही. विमानाच्या रंगाचा पातळ थर निरोधकाचे काम करतो. गंजलेला चिमटा, स्प्रिंग सैल पडल्याने नुसता लटकणारा चिमटा, किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टणाच्या आत तुटलेली पण बाहेरून धडधाकट भासणारी तार हे सर्व नजरेला फसवितात. स्थितिक वीज वाहून नेण्यास फार जाड तार लागत नाही. दहा लाख ओहमपर्यंतचा रोधही त्यासाठी चालतो. तार जाड घेतात ती मजबुतीसाठी, कारण ती रोज ओढली जाते, तिच्यावरून चाके जातात, ती उन्हापावसात पडून राहते. चांगल्या धातूच्या जोडणीचा रोध काही ओहमपेक्षा अधिक नसतो. तो त्याहून पुष्कळ वाढलेला दिसला तर कोठेतरी तार तुटत आली आहे, असे समजावे. साध्या मल्टिमीटरने, तार हलवीत हलवीत, ही तपासणी पाच मिनिटांत होते. तिची नोंद वहीत ठेवली तर पुढील पाळीच्या कर्मचाऱ्यासही उपयोग होतो.

ऊन, हवा आणि कपडे

शाळेतील कंगव्याचा प्रयोग डिसेंबरात उत्तम साधतो आणि जुलैत फसतो, हे प्रत्येक विज्ञान शिक्षकाने अनुभवले असेल. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा सूक्ष्म थर बसतो व त्यावरून भार निघून जातो. नागपूर, गोंदिया भागात उन्हाळ्यातील दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता कित्येकदा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास येते. ती ३० टक्क्यांखाली गेली की स्थितिक विजेचा जोर वाढतो. कोरड्या डांबरी जमिनीवर रबरी टायरची वस्तू तर जवळजवळ विलगच असते. यास्तव विदर्भातील व खानदेशातील धावपट्ट्यांवर एप्रिल-मे महिन्यांत अधिक काटेकोर राहणे इष्ट. परंतु जुहूच्या दमट हवेत निर्धास्त व्हावे, असा याचा अर्थ नाही. आर्द्रता उपयोगी पडते ती बाहेरच्या पृष्ठभागांवर. बंद नळीत व गाळणीत इंधनाच्या अंगी येणारा भार बाहेरच्या हवेला जुमानत नाही.

इंधन भरणाऱ्याने टेरिकॉट, नायलॉन यांऐवजी सुती कपडे वापरावेत, असे सांगतात ते योग्यच आहे. तरी अतिकोरड्या हवेत सुती कापडही पूर्ण निर्दोष राहत नाही, म्हणून धातूला हात लावण्याचा नियम कपड्यांवर अवलंबून ठेवू नये. झाकण उघडे असताना टाकीजवळ अंगातील जाकीट किंवा स्वेटर काढणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर लागलेल्या आगींचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतील अनेक घटनांत एक समान गोष्ट आढळली. पेट्रोल भरणे सुरू असताना चालक पुन्हा गाडीत जाऊन बसला होता आणि आसनावरून घसरत उतरून त्याने थेट नोझलला हात घातला होता. धावपट्टीवर टँकरचा चालकच जेव्हा इंधन भरण्याचे काम करतो, तेव्हा त्यालाही नेमका हाच धोका असतो.

बॅरल, नरसाळे आणि प्लॅस्टिकचा डबा

प्रत्येक ठिकाणी टँकर पोहोचेलच असे नाही. पुराच्या वेळी किंवा दुर्गम भागात तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरलेल्या हेलिकॉप्टरला बॅरलमधून हातपंपाने इंधन द्यावे लागू शकते. अशा वेळी जागा, पाणी, मनुष्यबळ आणि बंदोबस्त स्थानिक अधिकारी व ग्रामपंचायत यांच्याकडूनच येतो, म्हणून त्यांस या गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे. येथे जोडणीची साखळी बॅरल, पंप, नोझल आणि हेलिकॉप्टर अशी चारही दुव्यांची असावी. पाणी गाळण्यासाठी पूर्वी नरसाळ्यात मऊ चामडे घालून त्यातून इंधन ओतण्याची पद्धत होती. चामड्यातून जाताना इंधनावर भार चढतो. नरसाळे धातूचे असून टाकीच्या तोंडाला टेकलेले असेल तर तो निघून जातो, पण ते प्लॅस्टिकचे असेल तर भारास वाटच राहत नाही. बघ्यांची गर्दी, विडी-सिगारेट आणि रस्त्यावर चालू ठेवलेली जीप या गोष्टी दूर ठेवणे हे काम मात्र पोलीस पाटील किंवा सरपंचच करू शकतात.

अहमदाबादच्या पत्र्याच्या डब्यांचे महत्त्व येथे कळते. पत्र्याचा डबा विमानाला टेकविला की दोहोंचा दाब समान होतो. प्लॅस्टिकचा डबा निरोधक असल्याने त्यास तार जोडून काहीच साधत नाही. चिमटा लावलेल्या ठिकाणचा भार तेवढा जातो, बाकीच्या पृष्ठभागावरचा तसाच राहतो. आज खेडोपाडी पंपासाठी, फवारणीयंत्रासाठी किंवा जनरेटरसाठी पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमधून नेले जाते, तेथेही हेच शास्त्र लागू पडते. डबा वाहनाच्या मागील भागात, विशेषतः प्लॅस्टिकच्या किंवा रबराच्या अस्तरावर ठेवून भरल्यास तो जमिनीपासून पूर्ण विलग होतो. अमेरिकेत अशा प्रकारे लागलेल्या आगींनंतर १९९८ मध्ये तेथील शासकीय संस्थेने जाहीर इशारा दिला होता. डबा खाली उतरवून जमिनीवर ठेवावा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले असावे आणि धार सावकाश सोडावी. विमानात इंधन भरण्यासाठी मात्र प्लॅस्टिकचा डबा वापरूच नये.

टँकरच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. ज्या टाकीत आधी पेट्रोल होते तीत नंतर डिझेल किंवा रॉकेल भरले जाते, तेव्हा पेट्रोलची उरलेली दाट वाफ विरळ होत होत नेमकी पेटण्याजोग्या प्रमाणात येते, आणि त्याच वेळी आत येणारे इंधन स्वतःबरोबर भार घेऊन येते. पेट्रोलियम पदार्थांची साठवण व वाहतूक यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. टँकर भरताना व रिता करताना विद्युतजोडणी करण्याचे बंधन पेट्रोलियम नियमांत घातलेले आहे. गावातील पेट्रोल पंपावर टँकर आला की नळी जोडण्यापूर्वी तारेचा चिमटा लावला गेला की नाही, हे कोणाही नागरिकास दुरून पाहता येते.

राहता राहिली ती आकाशातील वीज. तीही स्थितिक विजेचाच प्रचंड अवतार, पण तिच्यापुढे वर सांगितलेल्या तारांचा काही उपाय चालत नाही. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग जमून जवळपास विजा चमकू लागल्या तर इंधन भरणे थांबवावे, आणि अर्धवट भरलेली टाकी पूर्ण करण्याचा मोह टाळावा. घाई असली तरी क्रम तोच ठेवावा. आधी नोझल बाहेर काढावे, मग झाकण लावावे, मग नोझलची तार व त्यानंतर मोठी तार सोडावी, आणि टँकर विमानापासून दूर न्यावा.